अंगठ्याएवढा गंज

संस्थेत त्यांना सगळे ‘हातनको’ म्हणत, आणि हे नाव इतकं पक्कं बसलं होतं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवी माणसं विचारायची, हे कोण बुवा? पॅनलांची खोली त्यांच्या ताब्यात होती. पॅनल म्हणजे तळहाताएवढा पोलादाचा तुकडा. त्याच्यावर वाळूचा मारा करून तो स्वच्छ राखाडी करायचा, मग त्यावर गंजरोधक लेपाचे थर द्यायचे, आणि मग मिठाच्या धुक्याच्या पेटीत त्याला दोन-दोन हजार तास कोंडून ठेवायचं. लेप टिकला तर शास्त्रज्ञाचं कौतुक आणि नाही टिकला तर पॅनल धुणाऱ्याची चौकशी. जगाची रीतच आहे ती.

वाळूचा मारा झाल्यापासून पहिला थर बसेपर्यंत जे तीन-चार तास जातात, त्यात पोलादाला उघड्या बोटानं शिवायचं नसतं. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि लेपाखाली अडकलेलं मीठ स्वस्थ बसत नाही. वरून काही म्हणता काही दिसत नाही. महिन्या-दीड महिन्यानं फोड येतो, आणि फोड सोलला की खाली बोटाचा हुबेहूब ठसा सापडतो, गंजानं रेखलेला. म्हणून टेबलाजवळ कोणाची सावली जरी पडली, तरी मान वर न करता ते म्हणायचे, “हात नको.” संचालकांनाही म्हणाले होते. घरी जेवायला बसल्यावर ताटालाही म्हणत असतील, अशी थट्टा चालायची.

मॅडम पंचवीस वर्षांपूर्वी संस्थेत रुजू झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनाही हेच दोन शब्द ऐकावे लागले. नवी कोरी पदवी, ताठ मान, आणि समोर हा बारीक चणीचा माणूस त्यांना पॅनल कसं धरायचं ते शिकवतोय: कडेनं, दोन बोटांत, खेळातल्या पत्त्यासारखं. पहिला आठवडा मॅडमना राग आला. दुसऱ्या आठवड्यात कळलं की पुस्तकात जे नाही ते सगळं या माणसाकडे आहे. तेव्हापासून त्या त्यांना काका म्हणू लागल्या, आणि सख्ख्या काकाला म्हणावं तशा जिव्हाळ्यानं म्हणायच्या. हे मुद्दाम सांगायला हवं. पुढे जे घडलं ते परक्या माणसाशी घडलं असतं, तर एवढं झोंबलं नसतं.

प्रयोगशाळेत काकांनीच एक पद्धत पाडली होती. सोमवारी सकाळी अकराला सगळ्यांनी उभ्यानंच जमायचं आणि गेल्या आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते ज्याचं त्यानं सांगायचं. कोणी रागवायचं नाही, कोणी हसायचं नाही. ऐकायचं आणि कामाला लागायचं. काकांचं म्हणणं असं, की चूक सगळ्यांकडूनच होते. सोमवारी सांगितली तर एक पॅनल जातं, नाही सांगितली तर वर्ष जातं.

आता सहा वर्षांपूर्वीची ती दुपार.

मॅडम तेव्हा एका नव्या लेपावर काम करत होत्या. त्या लेपात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या होत्या; ओरखडा पडला की त्या फुटायच्या, आतलं द्रव्य बाहेर यायचं आणि जखम भरून निघायची. स्वतःचं दुखणं स्वतःच निस्तरणारा लेप. बंदरातल्या शिड्या आणि कठडे दरवर्षी रंगवून कंटाळलेले चार अधिकारी तो बघायला आले होते. साठ पॅनलं मारा होऊन टेबलावर मांडलेली होती. वर चहाच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मॅडमनी काकांना सभागृहातून तिथे खुर्च्या आणायला पाठवलं. तेवढ्यात फोन वाजला, तो घ्यायला त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला, आणि फोन झाल्यावर तो परत घातला नाही.

ताजा मारा केलेलं पोलाद फार सुंदर दिसतं. मखमलीसारखं. त्यावरून बोट फिरवायचा मोह वर्षानुवर्षं या धंद्यात काढलेल्या माणसालाही आवरत नाही, आणि त्या दिवशी मॅडम रंगात आल्या होत्या. एकेका पाहुण्यासमोर त्यांनी एकेक पॅनल धरलं. “तुम्ही मात्र हात लावू नका हं,” असं हसून म्हणाल्यासुद्धा. पाहुण्यांनी मुकाट्यानं हात मागे बांधले. मॅडमचा स्वतःचा अंगठा चारही पॅनलांच्या मधोमध टेकलेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बरं, त्यांच्या लक्षात आलं नाही असंही नाही. पाहुण्यांना वर चहाला नेताना जिना चढता चढताच आलं. त्या मनात म्हणाल्या, त्या चार पॅनलांचं काकांना सांगायला हवं, सॉल्व्हंटनं पुसून घ्यायला हवीत. इतक्यात एका पाहुण्यानं लेपाच्या आयुष्याबद्दल विचारलं, मग चहा आला, मग कौतुक आलं, आणि कौतुकात चार पॅनलं कुठल्या कुठे गेली. काकांनी खुर्च्या पोचवल्या, खाली येऊन टेबल बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. चार वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे हातमोजे चढवून पहिला थर दिला.

बेचाळिसाव्या दिवशी फोड आले. बरोबर चार पॅनलांवर. लेप सोलला, फोटो काढले, आणि संचालकांच्या खोलीत बैठक बसली. बंदरवाल्यांना काय तोंड दाखवायचं, या काळजीनं संचालक लालबुंद झाले होते.

“लेप लागायच्या आधी पॅनलं कोण हाताळतं?” त्यांनी विचारलं.

“काका,” मॅडम म्हणाल्या.

बस्स, एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. कोण हाताळतं, असा प्रश्न होता, आणि काकाच हाताळत. पुढचे दोन-तीन क्षण मॅडमच्या जिभेवर बाकीचं वाक्य आलं होतं, पण तेवढ्यात संचालक काकांकडे वळले होते, आणि ते वाक्य मॅडमनी गिळलं. त्यांना वाटलं, बैठक संपली की सांगू. एकटं गाठून सांगू.

“हातमोजे घातले होते का?” संचालकांनी विचारलं.

“घातले होते,” काका म्हणाले. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, मग स्वतःचे हात पाहिले आणि फोटो टेबलावर पालथा ठेवला. “मी घातले होते,” एवढं पुन्हा एकदा म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला पाच मिनिटं पुरली.

त्यांच्या फायलीत ‘हाताळणीत हलगर्जीपणा’ असा शेरा पडला आणि त्यांची बदली आवारातल्या स्टोअरमध्ये झाली. तिथे ते ड्रम, ब्रश आणि सँडपेपर द्यायचे. हातमोजेही तिथूनच मिळायचे, तेही तेच द्यायचे. सहा वर्षांत मॅडम स्वतः हातमोजे आणायला कधी गेल्या नाहीत, दुसऱ्याला पाठवायच्या. आवारातून जायची वेळ आलीच तर फाइल उघडून वाचत चालायच्या, जणू त्यांनी मान वर केली की जगाला गंजच चढणार होता.

चाचणी पुन्हा झाली, लेप उत्तम निघाला, मोठं बक्षीस मिळालं. मॅडम विभागप्रमुख झाल्या, आणि पुढच्या वर्षी संचालक पायउतार झाले की ती खुर्चीही त्यांचीच, असं सगळे धरून चालले होते. सोमवारची बैठक आता मॅडम चालवत. चुका सांगण्यात त्या कधी मागे राहिल्या नाहीत. तराजू शून्यावर न आणता वापरला, द्रावणाच्या बाटलीवर तारीख टाकायची राहिली, पेटीचं झाकण नीट बसवलं नाही. एवढ्या मोठ्या पदावरची बाई, पण किती मोकळं मन, असं पोरं म्हणायची. ते कानावर आलं की मॅडम पुढच्या सोमवारसाठी आणखी एखादी छोटी चूक शोधून ठेवायच्या. मोठी चोरी लपवायला माणूस किती उदारपणे छोट्या चोऱ्या वाटत सुटतो, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता काकांच्या निवृत्तीचा आठवडा उजाडला होता. मंगळवारी कार्यालयातल्या कारकूनबाईंनी मॅडमसमोर एक अर्ज ठेवला. संस्था तंत्रज्ञांसाठी शाळा काढणार होती, आणि निवृत्त होणाऱ्या जाणत्या माणसांना तिथे शिकवायला घेणार होती. काकांनी अर्ज केला होता. सुंदर, सरळ अक्षरात एकच कारण लिहिलं होतं: मला पॅनलं कशी धरायची ते शिकवायला आवडेल.

“होणार नाही हे,” कारकूनबाई हळहळत म्हणाल्या. “फायलीत शेरा असला की अर्ज आपोआप बाद. नियमच आहे. शुक्रवारपर्यंत वरून काही आलं तरच. बिचारे रोज येऊन विचारतात हो. गेल्या सहा वर्षांत यांना काही मागताना मी पाहिलं नव्हतं.”

मॅडमनी फाइल उघडली. शेऱ्यामागे ते चार फोटो टाचलेले होते. त्या बघत होत्या तेवढ्यात दारातून काका आत आले, निवृत्तीच्या कागदांसाठी अंगठा लावायला. त्यांनी मॅडमना मान लववून नमस्कार केला, नेहमीसारखा. मॅडमनी फाइल छातीशी धरली.

यंत्रावर काकांनी अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. डावा झाला, तर्जनी झाली, सगळी बोटं झाली.

“काका, अंगठे घरी विसरून आलात का?” कारकूनबाई हसल्या.

“चाळीस वर्षं सँडपेपर घासलाय, बाई. हातमोजे पॅनलांसाठी असतात, घासायला कोण घालतं? रेषा कधीच्या पुसल्या, गेल्या त्या गेल्याच.” ते दहाही बोटं पसरून दाखवत होते. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती. “दहा वर्षं झाली असतील. सगळीकडे सहीच करतो मी.”

काका सही करून गेले. मॅडम फाइल धरून तशाच उभ्या राहिल्या. फोटोतल्या ठशात एकूणएक रेष स्पष्ट होती, शिक्का उमटवावा तशी. बैठकीत पाच शिकलेली माणसं होती, सगळ्यांच्या नावामागे पदव्या होत्या, आणि काका, जरा हात उताणा करून दाखवा, एवढं म्हणायचं एकालाही सुचलं नव्हतं. म्हणायची गरजच वाटली नव्हती. पण मॅडमचं काळीज हललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या दिवशी फोटो पाहून काकांनी स्वतःचे हात का पाहिले, ते त्यांना आत्ता कळलं. सहा वर्षं त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली होती की काकांनाही वाटत असेल, फाटला असेल मोजा, झालं असेल आपल्याकडून. ती समजूत गेली. काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हा ठसा आपला नाही.

त्या संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरीही कोणतंही बोलणं पायरी-पायरीनं ऐकायचा. मॅडमनी त्याला सगळं सांगितलं, उभ्यानंच, पर्स खांद्यावर असताना. त्यानं सुरी खाली ठेवली.

“काकांच्या बाबतीत?” तो म्हणाला. “आपल्या लेकीच्या बारशाला... नाही, तिचा पाळणा त्यांनीच रंगवून दिला होता ना गं? तेच काका?”

“तेच.”

त्यानं चिरलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाला, “बक्षीस मिळालं त्या दिवशी तू स्टेजवर रडलीस. मी आपला शेजारच्या खुर्चीवाल्याला सांगत होतो, आनंदानं रडतेय हो.” त्यानं पुन्हा सुरी उचलली, पण चिरलं काहीच नाही. “इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून जेवलीस आणि मला पत्ता नाही. मी काय बोलू आता? उद्या जा आणि सांग. अजून काय करणार आहेस?”

बुधवारी त्या संचालकांकडे गेल्या. अर्धं ऐकल्यावरच संचालकांनी उठून दार लावून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

“हे बघा, जुनी मढी उकरून कोणाचं भलं झालंय?” ते म्हणाले. “तुम्हाला काकांना नोकरी द्यायची आहे ना? देऊ. मी लिहितो, फेरतपासणीत असं आढळलं की सदर ठसे अज्ञात व्यक्तीचे आहेत. शेरा रद्द. अर्ज मंजूर. त्यांचं काम झालं, तुमचं नाव राहिलं, संस्थेची अब्रू राहिली. पुढच्या वर्षी या खुर्चीत बसायचंय तुम्हाला, जरा धोरणानं घ्या.”

अज्ञात व्यक्ती! मॅडमना हसू यायला हवं होतं, पण आली ती सुटका. लाज वाटावी इतकी सुटका. त्या म्हणाल्या, “चालेल, सर.” आणि त्या दिवशी त्या सहा वर्षांत प्रथमच पोटभर जेवल्या.

गुरुवारी मंजुरीचा कागद घेऊन त्या स्वतः स्टोअरमध्ये गेल्या. मनात एक चित्र होतं: काका कागद वाचतील, त्यांचा चेहरा उजळेल, आणि मग आपण बाकीचं सांगू. आनंदात माणूस लवकर माफ करतो, असा हिशेब होता तो. मॅडमच्या हुशारीला नाव ठेवायला जागा नव्हती.

काका ब्रशांची खोकी लावत होते. त्यांनी हात पुसून कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

“अज्ञात म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

“मी, काका.” तोंडात जुळवून आणलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. “मी होते. पाहुणे आले होते तेव्हा... तुम्ही खुर्च्या आणायला गेला होतात.”

“ठाऊक आहे मला.”

“कसं?” मॅडमनी विचारलं.

“ठशाच्या मधून आडवी रेघ गेलीय,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “नवीन होतात तेव्हा पॅनलावर चरा पाडताना हत्यार सटकलं आणि अंगठा फाटला होता तुमचा. पट्टी मीच बांधली होती. फोटो बघितला आणि ओळखला.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलणार? साहेब म्हणाले असते, स्वतःचं झाकायला बाईंवर ढकलतोय.” त्यांनी एक खोकं उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. “आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच सांगाल. बैठक शुक्रवारी झाली. म्हटलं, सोमवार येतोय. सोमवारी सांगतील. मग म्हटलं, या सोमवारी जमलं नसेल, पुढच्या सोमवारी. इथून प्रयोगशाळेचं दार दिसतं. अकरा वाजले की मी बघायचो, कोणी बोलवायला येतंय का. वर्षभर बघितलं. मग सवय मोडली.”

मॅडम ड्रमवर बसल्या आणि रडू लागल्या. काकांनी त्यांना रडू दिलं. पाणी आणून दिलं, पण उगी म्हणाले नाहीत.

“मला माफ करा, काका.”

“ते बघू,” काका म्हणाले. “उद्या निरोपाचा कार्यक्रम आहे. घरून ही येणार आहे. ती असताना सांगाल का हे?”

“सगळ्यांसमोर?”

“बाकीचे असोत नसोत. तिच्यासमोर.”

मॅडमनी मान डोलावली. परत जाताना मंजुरीचा कागद त्यांच्या हातात तसाच राहिला होता.

शुक्रवारी चार वाजता सभागृह भरलं. संचालक बोलले, छान बोलले. हातनको या नावावर दोन विनोद केले, सगळे हसले. मग त्यांनी जाहीर केलं की काकांचा अर्ज मंजूर झाला असून सोमवारपासून ते नव्या शाळेत शिकवतील. टाळ्या झाल्या. काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते. शेजारी त्यांची बायको: उंच, सडपातळ, इस्त्रीच्या कपड्यातली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, असं मॅडमनी कधीतरी ऐकलं होतं. पाहत होत्या पहिल्यांदाच. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली, झालं ना एकदाचं, अशा अर्थानं.

पुष्पगुच्छ द्यायचं काम मॅडमकडे होतं. त्यांनी तो दिला आणि जागेवर जाण्याऐवजी माइकपाशी गेल्या. संचालकांनी भुवया उंचावल्या, मग हलकेच मान नकारार्थी हलवली. मॅडमनी ते पाहिलं.

“सहा वर्षांपूर्वी चार पॅनलं खराब झाली,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यावर अंगठा माझा होता. काकांना मीच खोलीबाहेर पाठवलं होतं. मी हातमोजा काढला होता, ते माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं होतं, आणि मी सांगितलं नाही. चौकशीत सरांनी विचारलं तेव्हा मी काकांचं नाव घेतलं आणि पुढचं बोलले नाही. फायलीत आता अज्ञात व्यक्ती असं लिहिलंय, तेही खरं नाही. काकांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. सहा वर्षं ते जिथं बसले, तिथं मी बसायला हवं होतं.”

मागच्या रांगेतली पोरं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. संचालक समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते. मॅडमना वाटलं, झालं, एवढंच होतं, याचीच भीती होती इतकी वर्षं. त्यांचे पाय हलके झाले. त्या काकांकडे बघणार, तोच काकांची बायको उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मॅडमनी मनाची तयारी केली. ती ओरडेल, शिव्या देईल, द्याव्यातच.

“किती वर्षं म्हणालात?” तिनं विचारलं.

“सहा.”

“सहा वर्षं दोन महिने.” तिचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला माप विचारावं तसा. “त्या दिवशी हे घरी आले आणि म्हणाले, मी नाही केलं गं. मी विचारलं, मग कोणी केलं? तर सांगेनात. मी म्हटलं, एवढी शिकलेली माणसं तिथं बसलेली, ती काय खोटं बोलतील? झालं असेल तुमच्याच हातून. कबूल करा आणि मोकळे व्हा. दोन-तीनदा म्हणाले, मी नाही केलं. मी म्हटलं, पुरे झालं आता, घरात तरी खोटं बोलू नका.”

मॅडमनी मधला माइक बाजूला सारला.

“त्यानंतर यांनी तो विषय काढला नाही. दुसरंही फारसं काही बोलत नव्हते. मला वाटायचं, मनाला लागलंय, चूक कबूल करायला जड जातंय.” तिनं मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. काका पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन खाली बघत बसले होते. “सदतीस वर्षं संसार केला यांच्याशी. तुम्हाला तर मी आज पहिल्यांदा बघतेय. आणि विश्वास कोणावर ठेवला, तर तुमच्यावर.”

“माझंच चुकलं, ताई,” मॅडम कशाबशा म्हणाल्या. “तुमचं नाही.”

“तुमचं चुकलं ते तुम्ही सांगून टाकलंत,” ती म्हणाली. “आता आम्ही दोघं घरी जाणार. दार उघडून आत गेल्यावर मी यांच्याशी पहिलं काय बोलू, तेवढं मला सांगा.”

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत उभी होती.